खाजणातली वाकडी नाणी

आमच्या दुकानात पाऊल टाकणारं प्रत्येक माणूस आमच्यावर संशय घेऊनच आत यायचं. सोनाराच्या घरात जन्मलेल्या मुलीला हे फार लवकर कळतं. मंगळसूत्र ओवून घ्यायला आलेली बाई काउंटरला चिकटून बसायची आणि शेवटचा मणी ओवून होईपर्यंत तिची नजर आप्पांच्या बोटांवरून हलायची नाही. कुणी घरून वजन करून आणायचं, कुणी साखळीच्या कडीला लाल दोरा बांधून ठेवायचं, खूण म्हणून. आप्पा, म्हणजे माझे वडील, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून काम करायचे. "बघू दे त्यांना," म्हणायचे, "त्यांचा डाग आहे, दागिना आहे, त्यांनी नाही बघायचं तर कुणी?" पण तेही काही कमी नव्हते. माझ्या लहानपणी कुणीतरी चोरीचे पैंजण आमच्याकडे मोडीत घातले होते आणि त्यापायी आप्पांना अख्खा दिवस चौकीच्या बाकावर काढावा लागला होता. तेव्हापासून कुणीही काही पुढे ठेवलं की ते पहिलं विचारायचे, "कुठून आणलंत?" गिऱ्हाईक आमच्याकडे टक लावून बघायचं, आम्ही गिऱ्हाइकाकडे. तसंच आमचं दुकान चालायचं.

दुकान धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत होतं. पुढे दुकान, मध्ये जाड निळा पडदा, मागे दोन खोल्या. भिंतीपलीकडे कापडाच्या लूमचा कारखाना. ती खटखट आमच्या घरात इतकी मुरली होती की फडताळातल्या वाट्या दिवसभर एकमेकींना लागून किणकिणत राहायच्या. कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही म्हणून आई वाफेकडे बघून गॅस बारीक करायची. आम्ही तिघंही ओरडून बोलायचो. कुणाच्या लग्नाला गेलो की नातेवाईक विचारायचे, भांडण झालंय का? आणि मग दुपारी लोडशेडिंग व्हायचं. एका क्षणात सगळे लूम थांबायचे. कामगार बाहेर येऊन ओट्यावर बसायचे, त्यांचं "अरे भाई, कब आयेगी?" स्पष्ट ऐकू यायचं, आणि त्यांना आमचंही ऐकू जाईल म्हणून आम्ही गप्प व्हायचो. महत्त्वाचं काही बोलायचं असेल तर ते गोंगाटात. शांतता झाली की खाली मान घालून वालाचं बिरडं आणि भाकरी खायची. आता मी राहते तिथे संध्याकाळनंतर रातकिड्यांशिवाय काही ऐकू येत नाही, आणि अजूनही त्या शांततेत फोनवर बोलायचं झालं की माझा आवाज आपोआप खाली येतो.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता, पण ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. सोनाराला दिसत नाही हे एकदा बाहेर फुटलं की दुकान संपलं, असं त्यांना वाटायचं. म्हणून बारीक काम पडद्यामागे मी करायची. डाग आप्पा घ्यायचे, गिऱ्हाइकाला "संध्याकाळी या" म्हणायचे, आणि तुटलेली कडी माझ्याकडे यायची. हे आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मुलीच्या हातात कुणी सोनं दिलं नसतं.

आमचं दुकान आणि घर ज्यांच्या मालकीचं होतं ते बाळारामशेठ राहनाळ गावचे. पिढ्यान् पिढ्यांची भातशेती, खाडीलगतचं खाजण, म्हणजे खारवट जमीन. पण आता एकेका शेतावर गोडाऊन उभं राहत होतं. शेठ कधी दुकानात यायचे नाहीत, माणूस पाठवायचे. एके दिवशी मात्र स्वतः आले, आणि एक स्टीलचा डबा पाटावर ठेवून त्यांनी आधी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

डब्यात फडक्याखाली नाणी होती. काळी, मातकट, आणि एकूणएक वाकलेली. काही होडीसारखी, काही करंजीसारखी दुमडलेली. पडद्याच्या फटीतून मला तेवढं दिसलं.

"आमचे आजीचे माळंतली हायेत," शेठ म्हणाले. "पुतल्या. सरल करून पायजेत."

आप्पांनी एक नाणं उचललं, डोळ्यापाशी नेलं, अंगठ्याने घासलं. "शेठ, पुतळ्या सोन्याच्या असतात. ही चांदी आहे."

"चांदीच्या पुतल्या."

"आणि भोक नाही एकालाही. माळेत ओवल्या कशा?"

 शेठनी इकडेतिकडे, भिंतीकडे, छताकडे बघितलं. "आप्पा, किती वर्सं झाली तुमाला हितं? आमी कदी काय विचारला?"

आप्पांनी नाणं परत डब्यात ठेवलं. त्या दिवशी त्यांनी "कुठून आणलंत" हा प्रश्न तोंडातच ठेवला.

शेठची अट एकच होती. नाणी आमच्याकडे मुक्कामाला राहणार नाहीत. त्यांची बहीण रोज सकाळी डबा घेऊन येईल, समोर बसेल आणि संध्याकाळी डबा घेऊन जाईल. "तुमच्यावर इस्वास हाय," ते जाताना म्हणाले, "पन आजीची वस्तू हाय ना."

ते गेल्यावर आई पडद्याआडून बाहेर आली. लूमच्या आवाजात ओरडून म्हणाली, "देवळातलं आहे ते. कुठल्यातरी देवाच्या पेटीतलं. हात लावू नका!" आप्पा म्हणाले, देवळातली नाणी वाकतील कशाला? आई म्हणाली, मग त्याहून वाईट काहीतरी असेल.

दुसऱ्या दिवशी शेठची बहीण, द्वारकामावशी, आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत चापून नेसलेली, रापलेली, शेठपेक्षा वयाने मोठी. नवरा गेल्यावर माहेरी परतली होती आणि भावाच्या घरी राहत होती. तिने डबा पाटावर ठेवला, स्टूल आप्पांच्या अगदी समोर ओढलं आणि बसली. चहा दिला तर आधी आईला एक घोट घ्यायला लावला. आईचा चेहरा असा झाला की मी पडद्यामागे ओढणी तोंडात कोंबली. पण मावशी तिच्या पिशवीतून आमच्यासाठी खाडीच्या निवट्या, चिखलातली बारीक मासळी, घेऊन आली होती, आणि त्यावर आईनेही तिची परतफेड केली. निवट्या सिंकमध्ये ओतून बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभी राहिली. "फुकट कोण आणून देतं?" म्हणाली. शेवटी त्यांचं कालवण झालं आणि पहिला घास आईनेच खाल्ला, आम्हाला काही होऊ नये म्हणून.

पहिलं नाणं आप्पांनी स्वतः हातात घेतलं. पकडीच्या तोंडाला चामडं गुंडाळलं, नाण्याची कड धरली आणि हळूच दाब दिला. नेमकी तेव्हाच वीज गेली होती. त्या शांततेत कट् असा आवाज झाला, पापड मोडल्यासारखा, आणि नाण्याचे दोन तुकडे पाटावर पडले.  मावशीने दोन्ही तुकडे उचलून पदराच्या टोकात बांधले आणि संध्याकाळी जाऊन भावाला दाखवले. शेठचा फोन आला. आप्पा फक्त "हो शेठ, हो शेठ" म्हणत होते. फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे वळले. "ही चांदी म्हातारी झालीय. मातीत राहून आतून कुरकुरीत झालीय. आधी ताव देऊन नरम करायला लागेल, मगच हलेल. पण ताव बेताचा पाहिजे. जराशी लाली दिसली की आच काढायची. ती लाली मला आता दिसत नाही, शैला."

अशी ती नाणी माझ्याकडे आली. आप्पा पुढे बसून ब्रशने नाण्यावरची माती काढायचे आणि मग "आत आच आहे" म्हणून नाणं पडद्यामागे आणून द्यायचे. पडद्यामागचा अंधार कामाचाच होता, कारण उजेडात चांदीची लाली कळत नाही. मी कोळशाच्या तुकड्यावर नाणं ठेवून फुकणीने अगदी हलकी आच द्यायची. काळं नाणं आधी आणखी काळं व्हायचं, मग कडेने पहाटेसारखं किंचित तांबूस. तिथेच थांबायचं. निवलं की दोन सागवानी फळ्यांमध्ये ठेवून फळ्या आवळणारा स्क्रू जेमतेम अर्धा आटा फिरवायचा. पुन्हा आच, पुन्हा निववायचं, पुन्हा अर्धा आटा. घाई केली की तडा. एकेका नाण्याला अख्खी सकाळ जायची. वाक निघत आला की आतला चेहरा हळूहळू वर यायचा. पोपटनाक्या, जाड मानेचा एक माणूस, डोक्याला पानांची पट्टी बांधलेली. शेवटी चिंचेच्या पाण्यात बुडवून घासलं की तो आमच्याकडे तिरका बघायचा. आईला तो अजिबात आवडला नाही. "मेला डोळा चुकवतोय," ती म्हणाली.

खूप पुढे, एका शहरातल्या संग्रहालयात काचेआड अशीच दोन नाणी पाहिली, वाकलेली, आणि ती मुद्दाम तशीच ठेवलेली. तिथल्या बाईंना मी विचारलं, सरळ का नाही करत? त्या म्हणाल्या, काही लोक नवस म्हणून नाणं मुद्दाम वाकवून वाहायचे; वाकवणाराही कुणीतरी असतो, त्याचीही खूण राहिली पाहिजे. शिवाय आच लागली की नाण्याच्या अंगावरचं पुष्कळ काही निघून जातं. आमची नाणी मात्र कुणी श्रद्धेने वाकवलेली नव्हती. ती कशाने वाकली होती हे मला द्वारकामावशीनेच सांगितलं.

झालं असं की, आप्पा नाणं घेऊन आत जातात आणि रिकाम्या हाताने बाहेर येतात, हे तिच्या लक्षात आलं. एका दुपारी वीज गेली, आप्पा पाणी प्यायला उठले, आणि तिने सरळ पडदा बाजूला केला. माझ्या तोंडात फुकणी, समोर कोळशावर नाणं. मला फुंक थांबवता येईना, आणि तिच्याकडे न बघताही राहवेना. मी आच काढली तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे बापूस निस्ता बसतं, आन काम तू करतं."

"शेठना सांगू नका मावशी."

"मंग बापसाला काय झाला?"

मी नाणं निववायला बाजूला ठेवलं. तिने पुढे जाऊन, पाण्याचा तांब्या शोधत हाताने फळी चाचपणाऱ्या आप्पांकडे पाहिलं, आणि तिला कळलं. तिने स्टूल उचललं आणि पडद्यामागे माझ्यासमोर आणून ठेवलं. म्हणजे सांगणार नव्हती, पण नजरही काढणार नव्हती. त्या दिवसापासून ती माझ्या हातांकडे बघत बसली आणि मी तिच्या. कारण आईने मला बजावलं होतं, "ती गप्प राहिली ना, त्याची किंमत ती कधीतरी मागेल. लक्ष ठेव."

पण इतका वेळ समोरासमोर बसून दोन माणसं किती गप्प राहणार? ती बोलायला लागली. शेठच्या आजीची माळ वगैरे काही नव्हती. खाजणाकडच्या शेतात गोडाऊनचा पाया खणत होते, ती मजुरांना जेवण घेऊन गेली होती. जेसीबीचा दात मातीत घुसला आणि मडकं फुटल्यासारखा आवाज आला. "मी पयली पायला. चिकलान काला काला काय तं. मशीन बंद कर म्हटला तं पोरगा आयकतय कुटं, त्यानं आनी एकदा फिरवला." नाणी त्या दातांखाली वाकली होती. शेठने सगळ्या मजुरांना त्या दिवशी घरी पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुसरेच मजूर आले. "त्या शेतान मी लावनी केली हाय. लगीन व्हायच्या आधी पन आन मंग पन," ती म्हणाली आणि सरळ झालेलं एक नाणं बोटाने फिरवलं. "ह्या बाप्याचा नाव काय गो?"

मलाही तेच हवं होतं. म्हणून मी एक गोष्ट केली होती, तिचं लक्ष नसताना. सरळ झालेल्या नाण्यांचे ठसे मेणावर घेतले होते आणि ते मेण कॉलेजच्या पिशवीत घालून नाक्यावरच्या सायबर कॅफेत गेले होते. तिथे बराच वेळ वेगवेगळे शब्द टाकून बघितल्यावर स्क्रीनवर तोच पोपटनाक्या उभा राहिला. मागे बसलेला मुलगा डोकावून बघत होता, म्हणून मी घाईघाईने खिडकी बंद केली. आप्पांना सांगितलं नाही. त्यांना हे कळलं असतं तर त्यांची झोप उडाली असती. पण मावशीला सांगितलं, "रोम म्हणून देश होता. तिथला राजा."

"हितं कनाला आयला?"

"तो नाही आला. त्याच्या व्यापाऱ्यांचे पैसे आले. गलबतं यायची खाडीतून, मिरी आणि कापड न्यायला."

"आमचे खाडीन?" तिने विचारलं, आणि मग असं हसली जणू घरात पाहुणा येऊन गेला आणि तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

सगळ्यांत जास्त दुमडलेलं नाणं मी शेवटी ठेवलं होतं. ते उघडलं तेव्हा आत माणूस नव्हताच. बाई होती. केसांच्या लाटा, मागे अंबाडा, हनुवटी वर. मावशीने ते माझ्या हातातून घेतलं आणि अंधारात बराच वेळ धरून बसली. "हिचा पन राज्य व्हता का?" तिने विचारलं. मला माहीत नव्हतं. तिने ते परत दिल्यावर, ती पाणी प्यायला उठली तेवढ्यात, मी त्याचाही ठसा मेणावर घेतला. त्या संध्याकाळी डबा भरताना ती माझ्याकडे पाठ करून बसली. रोज ती समोर तोंड करून, एकेक नाणं मला दाखवत डब्यात ठेवायची. मला ते खटकलं. आईला सांगावं असं वाटलं, आणि मग वाटलं, काय सांगू? पाठ केली म्हणून?

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः आले, सोबत गोडाऊनवरचे दोन गडी. मावशी आधीच येऊन बसली होती. शेठनी डबा उघडला, नाणी पाटावर पसरली आणि बोटाने इकडेतिकडे करायला लागले. "बाईवाला कुटं हाय? गिऱ्हाइकानं आदीच दुमडीत डोकावून पायला, तोच मागतं."

आप्पांनी आत हाक मारली. मी बाहेर आले आणि म्हटलं, काल डब्यात गेलं. शेठनी बहिणीकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्याने लादी घासत होती. "मी ठेवला व्हता," ती म्हणाली. एवढंच.

शेठ ओरडले नाहीत. उलट त्यांचा आवाज मऊ झाला. "सोनारानं हात मारला म्हनायचा. आप्पा, आमी तुमाला हितं ऱ्हायला दिला, ते ह्याच्यासाठी?" त्यांनी गड्यांना खूण केली. त्यांनी दुकानाचे खण उपसले, मग पडदा ओढून काढला. तांदळाचा डबा पालथा केला, डाळीत हात घातले, देव्हाऱ्यातल्या देवांखालचं वस्त्र झटकलं. आई एका कोपऱ्यात उभी राहून एकेक गोष्ट बघत होती. ती रडली नाही. फक्त देवांना हात लागला तेव्हा म्हणाली, "हात धुतलेत का?" शेवटी माझी कॉलेजची पिशवी उलटी झाली आणि वहीबरोबर मेणाचा गोळा घरंगळत बाहेर आला. गड्याने तो शेठच्या हातात दिला. त्यावर बाईचा चेहरा होता, अंबाड्यासकट.

"ह्यो काय?" शेठ म्हणाले. "डुप्लिकेट करायचा बेत व्हता काय?"

मी आप्पांकडे पाहिलं. ते माझ्या दिशेने बघत होते, पण त्यांच्या त्या दुधाळ डोळ्यांना मी किती दिसत होते कुणास ठाऊक. त्यांनी हात पुढे केला, मेण चाचपलं, बोटाने चेहरा ओळखला. आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "शैला, तू घेतलंस का?"

गिऱ्हाइकांच्या संशयात मी वाढले होते. तो अंगावरून पाण्यासारखा निथळून जायचा. पण हा प्रश्न ज्या तोंडातून आला, त्या तोंडाने तो मला आयुष्यात एकदाच विचारला. "नाही," मी म्हटलं, तर ते कुजबुजल्यासारखं आलं. खोटं बोलणारी मुलगी बोलेल तसंच. आज मी त्यांना दोष देत नाही. त्यांना दिसत नव्हतं, घर हातचं चाललं होतं, आणि मेण हातात होतं. पण हे मी आज म्हणते. त्या दिवशी मला त्या लादीवर उभं राहवत नव्हतं.

"पोरीचे अंगाव असंल," शेठ म्हणाले. "द्वारके, आत ने तिला आन बग. आईसला पन."

ती उठली. आम्ही आतल्या खोलीत गेलो, तिने दार लोटलं. पलीकडे लूम धडधडत होते. ती माझ्या अगदी जवळ आली आणि तिचा हात स्वतःच्या कमरेच्या चंचीत गेला. तो बाहेर आला तेव्हा मूठ बंद होती. मला लख्ख कळलं. ते नाणं आता ती माझ्या ओढणीत टाकणार आणि बाहेर जाऊन सांगणार, सापडलं. मी तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. तिचं मनगट लाकडासारखं होतं, पण तिने जोर लावला नाही.

"हात सोर पोरी," ती माझ्या कानाशी म्हणाली. "तुज्या अंगाव टाकाला न्हाय काढला. येवरा बी वलकलास न्हाय मना?"

मी हात सोडला. ती दार उघडून बाहेर गेली आणि भावासमोर तिने मूठ उघडली.

"मज्याकडं हाय. मी घेतला."

 शेठ गड्यांकडे बघून हसले. "म्हातारी झाली, डोकं फिरलंय. आन इकडं."

"शेताचा हिस्सा सोडाला अंगठा तू घेतलास माझा," मावशी म्हणाली. "बहीन हाय, कनाला पायजे तिला, म्हटलास. मी दिला. ह्यो न्हाय देयाची."

शेठनी हात पुढे केला. तिने मूठ मिटली आणि छातीशी धरली. दोन गडी, मी, आई, आप्पा, शटरपाशी जमलेले लूमवाले, सगळे बघत होते. इतक्या माणसांसमोर मोठ्या बहिणीचा हात पिरगाळणं शेठना जमलं नाही. त्यांनी बाकीची नाणी डब्यात लोटली. जाताना आप्पांना म्हणाले, दुसरी जागा बघा. मावशी त्यांच्या गाडीत बसली नाही. सांडलेले तांदूळ आईबरोबर गोळा करत बसली, आणि ऊन उतरल्यावर चालत निघून गेली. कुठे, ते आम्ही विचारलं नाही.

त्यानंतर आप्पा आणि मी बरेच दिवस कामापुरतं बोलत होतो. त्यांनी मला एकदा काही म्हणायला तोंड उघडलं होतं, नेमकी वीज गेली आणि ते गप्प झाले. मग एके दिवशी, दुकानात तीन बायका बसलेल्या असताना, त्यांनी मला बाहेर बोलावलं, स्वतःच्या गादीवरून उठले आणि मला म्हणाले, "तू बस." बायकांना सांगितलं, "आता काम ही करते. मला दिसत नाही." एक बाई डाग घेऊन उठून गेली. दोघी बसून राहिल्या. त्यांच्या नजरेसमोर मी पहिल्यांदा उजेडात काम केलं. त्याहून जास्त माफी आप्पांकडून मला मिळाली नाही आणि मला ती लागलीही नाही.

शेवटी ती जागा सोडून आम्ही अंबाडी गावाला आलो. बाजाराच्या नाक्यावर छोटा गाळा मिळाला, वाडा गावाकडे जाणाऱ्या जीप समोरच थांबायच्या. आप्पांचं ऑपरेशन झालं. राहनाळची खबर उडत उडत कानावर यायची. द्वारकामावशी तालुक्याच्या कचेरीत गेली म्हणे, साहेबाच्या टेबलावर नाणं ठेवलं आणि शेत दाखवायला त्यांना घेऊन गेली. पायाचं काम थांबलं, शेताभोवती सरकारी दोऱ्या लागल्या. शेत कुणाचं असं विचारलं तेव्हा म्हणाली, भावाचं आणि माझं. आई हे ऐकून म्हणाली, "आता बघा, आपलं नाव येणार." या वेळी आईचा संशय खरा ठरला.

एका सकाळी दुकानासमोर सरकारी जीप थांबली. साहेब उतरले, शिपाई उतरला, आणि मागच्या दारातून द्वारकामावशी. साहेबांच्या हातात पाकिटातलं नाणं होतं. ते म्हणाले, "राहनाळच्या शेठचं म्हणणं आहे की सगळी नाणी तुमच्याकडे होती, तुम्हीच ती तापवून सरळ केलीत आणि बाकीची ठेवून घेतलीत. खरं आहे?"

आप्पांनी नव्या चष्म्यातून नाण्याकडे बघितलं. ते खरं सांगणार होते. मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. सरळ केली, म्हणणार होते, आणि त्या एका वाक्यावर बाकी सगळं आमच्या अंगावर आलं असतं. कारण उरलेली नाणी कुठे गेली ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. ते मला आजही माहीत नाही.

"ह्ये न्हाईत," मावशी मध्येच म्हणाली.

"नीट बघा, आजी. हेच ते सोनार ना?"

तिने आप्पांकडे बघितलं. दारात उभ्या असलेल्या आईकडे बघितलं. मग माझ्याकडे, बाजारात समोरून येणाऱ्या परक्या माणसाकडे बघावं तसं. "ह्या मानसांना मी कदी पायला न्हाय. भावाचे कपाटान व्हती नानी, थयसून गेली. सोनार न्हाय, कोन न्हाय."

"मग हे सरळ कुणी केलं? मधून वाकल्याची रेघ दिसते."

"जमिनीतून निगाला तवा सरलच व्हता. मी काढला, मना ठाव."

 साहेबांचा विश्वास बसला नव्हता, पण जिने नाणं आणून दिलं तीच असं म्हणत होती. त्यांनी पाकीट खिशात घातलं आणि शिपायाला चहा सांगायला पाठवलं. मावशी ओट्यावर टेकली. पदराने मान पुसली आणि मला म्हणाली, "वायच पानी दे गो पोरी."

मी तांब्या-भांडं आणलं. ती वरून, घटाघट प्यायली. तिने भांडं परत दिलं तेव्हा साहेबांचं लक्ष आमच्याकडेच होतं.

"नाव काय गो तुजा?" तिने विचारलं.

"शैला," मी म्हटलं.

"चांगला हाय," ती म्हणाली, आणि उठून जीपकडे गेली.